नाकातून दूध येणारे पिल्लू

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

प्रश्न : आमचे वावर गावापासून दीड किलोमीटरवर, जंगलाला लागून आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्या त्रासामुळे पेरणीपासून वेचणीपर्यंत घरातल्या कोणाला तरी जागलीला जावेच लागते आणि गेली चार वर्षे आमची वाघी ही कुत्री जागलीला सोबत असते. गेल्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, पहाटे ती कोठ्यात कुटाराच्या ढिगावर व्याली. सहा पिल्ले झाली. पाच धडधाकट आहेत, परंतु सहाव्याचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला आहे. ते आचळाला तोंड लावते आणि लगेच सोडते, मग त्याच्या नाकातून दुधाचे फुगे येतात. वाघी त्याला नाकाने बाजूला सारते. किराणा दुकानातल्या काट्यावर तोलले तेव्हा बाकीची अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरली, हे १८० भरले. माझी मुलगी सहावीत आहे. ती शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून दर तासाला त्याच्या तोंडात पिळते. सासूबाई म्हणतात की वाघीला ग्रहण लागले, कारण ७ सप्टेंबरच्या ग्रहणाच्या रात्री ती वावरात मोकळी होती. दीर म्हणतात की पोत्यात घालून नाल्यात सोडा, म्हणजे त्याची सुटका होईल. माझ्या हातून ते होणार नाही आणि रात्रभर त्याचे कुईकुई ऐकवतही नाही. हे पिल्लू जगेल काय? जगणार नसेल तर त्याला मारणे पाप आहे की गुन्हा? वाघीची पुढची पिल्लेही अशीच होतील काय? पोळ्यानंतर तिला नायटा झाला होता, तेव्हा माझ्या यजमानांच्या नायट्याच्या गोळ्या पंधरा दिवस भाकरीत कुस्करून दिल्या होत्या. त्याखेरीज दुसरे कोणतेही औषध तिच्या पोटात गेलेले नाही.
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा. नाव न छापण्याची विनंती आहे.)

उत्तर : ताई, तुमचा मजकूर व्हॉट्सॲपवर बुधवारी मिळाला. तीन दिवसांच्या पिल्लाला पुढच्या अंकापर्यंत थांबवता येत नाही, म्हणून मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि तातडीचे तेवढे बोलणे झाले. फोनवर जे नीट मांडता आले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण असा प्रश्न या सदराकडे वर्षातून चार-दोन वेळा येतो आणि बहुतेक वेळा पिल्लू गेल्यानंतर येतो.

मी तुम्हाला प्रथम 'टाळू पाहा' असे म्हटले, तेव्हा तुम्ही पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून 'टाळू तर भरलेली दिसते' असे उत्तर दिले होते. चूक तुमची नव्हती, आपल्या भाषेत डोक्यावरची ती टाळू आणि तोंडात वर असते तीही टाळूच. तुमच्या मुलीने मोबाईलची बॅटरी धरली, तुम्ही करंगळीने पिल्लाचा जबडा उघडला आणि 'मधोमध चीर आहे, थेट मागेपर्यंत' असे सांगितले, तेव्हा रोगाचे नाव निश्चित झाले. याला दुभंगलेली टाळू म्हणतात. फाटलेला ओठ हा या व्यंगाचा केवळ दिसणारा भाग आहे. नुसता ओठच फाटलेला असता तर पिल्लू थोडे वेडेवाकडे दिसले असते, पण बहुधा दूध पिऊन वाढले असते. खरा प्रश्न आतल्या चिरेचा असतो. पिल्लू दूध ओढते तेव्हा ते आचळ जिभेने टाळूवर दाबते आणि तोंडात पोकळी निर्माण करते. टाळूच फाटलेली असेल तर ती पोकळी होत नाही, ओढलेली हवा नाकातून येते आणि जे काही थोडे दूध तोंडात जाते त्यातले काही चिरेतून नाकात चढते आणि काही श्वासनळीत उतरते. तुम्हाला नाकपुडीवर जे फुगे दिसत होते ते सर्दीचे नव्हते, हे सांगायचे कारण असे की अनेक घरी या फुग्यांना सर्दी समजून छातीला वाफ देतात आणि दूध पाजणे चालूच ठेवतात.

म्हणूनच फोनवर माझे पहिले वाक्य बोळ्याने दूध देणे थांबवा हे होते. तीन दिवस झोपमोड करून पिल्लाला पाजणाऱ्या मुलीला असे सांगणे कठोर वाटते, परंतु बोळ्यातून पिळलेला प्रत्येक थेंब कोठे जातो यावर त्या वयाच्या पिल्लाचा काहीच ताबा नसतो. शेळीच्या दुधाबद्दलही सांगून ठेवतो. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या किंवा शेळीच्या दुधाच्या जवळपास दुप्पट असतात, त्यामुळे शेळीच्या दुधावर पिल्लाचे पोट भरल्यासारखे दिसते आणि वजन मात्र हलत नाही.

वाघीने पिल्लाला दूर सारले याचा तुमच्या घरात फार मोठा अर्थ काढला गेला आहे असे पत्रावरून वाटते. 'आईनेच टाकले' हे वाक्य मी पुष्कळ गोठ्यांत ऐकले आहे आणि त्याच्या पाठोपाठ निकालही ऐकला आहे. वस्तुस्थिती इतकी गूढ नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्याचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते, मोठ्या कुत्र्याचे मात्र ३८ ते ३९. पोटात दूध नसलेले पिल्लू आणखी गार पडते आणि गार, न ओढणाऱ्या पिल्लाला कुत्री सहसा जवळ घेत नाही. तेच पिल्लू उबदार करून परत ठेवले तर कित्येकदा ती त्याला चाटू लागते. त्यामुळे आईच्या वागण्यावरून पिल्लू गार आहे आणि पीत नाही एवढेच कळते. त्याच्या भवितव्याचा निवाडा तिच्यावर सोपवू नये. पिल्लाला ऊब देण्यासाठी गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे जास्त झाले तर त्याला दूर सरकता येते. अंग गार असेपर्यंत पोटात काहीही घालू नये, कारण गार पिल्लाचे आतडे चालत नाही.

आता जगेल काय, या प्रश्नाकडे येतो. अशी काही पिल्ले जगतात. त्यासाठी दूध तोंडात न देता लहान बाळांसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक नळीने थेट जठरात सोडावे लागते. नळी पिल्लाच्या नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून त्यावर खूण करायची, जिभेवरून हळूच सरकवायची आणि ती श्वासनळीत गेलेली नाही याची खात्री करून मगच दूध ढकलायचे, हे सर्व पशुवैद्यकाने समोर बसवून शिकवल्याशिवाय कोणी करू नये. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिलीलिटर, म्हणजे तुमच्या पिल्लाला ७ मिलीलिटर. दर अडीच-तीन तासांनी, रात्री बारालाही आणि पहाटे तीनलाही. शिवाय दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याच्या लघवीच्या व शौचाच्या जागी पुसून ती करवून घ्यायची, कारण पहिले तीनेक आठवडे पिल्लांना ते स्वतःहून जमत नाही, आई चाटते तेव्हाच होते. दोन-अडीच आठवड्यांनी वेळांमधले अंतर वाढते, महिन्याभरानंतर घट्ट गोळ्याचे अन्न सुरू करता येते आणि तीन-चार महिन्यांचे झाले की टाळू शिवण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती एकाच वेळी पूर्ण होईल असे नसते, टाके उसवले तर पुन्हा करावी लागते. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्थेत शस्त्रक्रिया विभाग आहेत, तेथे आधी विचारून जावे.

हे सर्व मी मुद्दाम तपशिलाने लिहिले, कारण निर्णय घेताना लोक पिल्लाकडे पाहतात आणि घड्याळाकडे पाहत नाहीत. तुमच्या घरी वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली आहे, यजमान रात्री जागलीला असतात, सासूबाईंना अंधारात दिसत नाही, म्हणजे रात्रीच्या नळीला तुम्ही एकट्या. 'दया असेल तर वेळ निघतो' असे म्हणणाऱ्याने सलग आठ रात्री हे करून पाहावे. ज्या घरात दोन मोठी माणसे आळीपाळीने जागू शकतात तेथे मी हा प्रयत्न आनंदाने सुचवतो आणि स्वतः नळी शिकवायला जातो. जेथे ते शक्य नाही तेथे अर्धवट प्रयत्न सुरू करून पिल्लाला दहा दिवस उपाशी-अर्धपोटी झुरवणे मला पटत नाही.

प्रयत्न करायचा असेल तर आरंभीच मुदत ठरवावी, हा माझा नेहमीचा आग्रह असतो. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करावे व भिंतीवर लिहावे. निरोगी पिल्लू रोज वाढते आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट होते. सलग दोन दिवस वजन घटले, किंवा श्वासात घरघर सुरू झाली, किंवा ऊब देऊनही अंग ढिले राहिले, तर थांबायचे, असे घरातल्या सर्वांनी पहिल्याच दिवशी मान्य केलेले असावे. ते आधी ठरले नाही तर मग रोज संध्याकाळी 'आणखी एक दिवस पाहू' असे होते.

तुमच्या पिल्लाच्या बाबतीत मुदतीचा प्रश्नच उरला नाही. मी तुम्हाला पिल्लू कानाशी धरायला सांगितले आणि तुम्ही म्हणालात की छातीत कुटार चाळल्यासारखा आवाज येतो. फुप्फुसात दूध उतरून न्यूमोनिया झालेला होता. पहिल्या दिवसाचा चीकही त्याच्या पोटात पुरेसा गेलेला नव्हता, त्यामुळे त्या संसर्गाशी लढायला त्याच्याजवळ काही नव्हते. मी दयामरणाचा सल्ला दिला आणि तो सल्ला आजही बदलणार नाही.

ते पाप आहे काय, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी आणि स्वतःच्या मनाशी बोलून ते ठरवावे. कायद्याचे मात्र सांगता येते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ नुसार जनावराला क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा आहे, आणि भुकेने-तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हासुद्धा गुन्हा आहे, म्हणजे पोते आणि नाला हे दोन्ही त्यात येतात. मोकाट कुत्र्यांसाठी २०२३ साली जे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले त्यांत असाध्य आजारी कुत्र्याबाबत नेमलेल्या पथकाने निदान करावे आणि पात्र पशुवैद्यकाने पेंटोबार्बिटल देऊन किंवा दुसऱ्या मान्य रीतीने वेदनारहित मरण द्यावे असे सांगितले आहे. पाळीव कुत्र्यालाही आपण त्याहून कमी देऊ नये. तुमच्या दिरांचा हेतू वाईट नव्हता, सुटका व्हावी असेच त्यांना वाटत होते. परंतु त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. नुकतीच जन्मलेली पिल्ले प्राणवायूविना मोठ्या कुत्र्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तग धरतात, गर्भातून येताना निसर्गाने त्यांना तेवढी शक्ती दिलेली असते. त्यामुळे पाण्यातले मरण लोकांना वाटते तसे क्षणात येत नाही.

आपल्याकडे श्रेणी-२ चे सरकारी पशुदवाखाने बहुधा पशुधन पर्यवेक्षक चालवतात. दयामरणाचे काम पदवीधर पशुवैद्यकाचे आहे, म्हणून तालुक्याच्या किंवा श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधी फोन करून जावे. १९६२ या क्रमांकावरचे फिरते पथक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी जवळ कोणते डॉक्टर उपलब्ध आहेत हे विचारायला त्याचा उपयोग होतो. तुम्ही गुरुवारी सकाळी टोपलीत गरम बाटलीसह पिल्लू घेऊन गेलात, तेथील डॉक्टरांनी तपासून माझ्या निदानाला दुजोरा दिला आणि पिल्लू भुलीच्या औषधाने झोपेतच गेले, हे तुम्ही नंतर कळवलेत.

त्याच निरोपात तुम्ही विचारले होते की मुलीला काय सांगावे, तिच्याच दुधाने ते गेले असे तिला वाटले तर? तिला सगळे खरे सांगा. वाघीचे स्वतःचे दूधही पहिल्या घोटापासून नाकातूनच येत होते, हे तुमच्याच पत्रात आहे. मुलीने बोळा हातात घेण्याच्या आधीच दूध चुकीच्या वाटेने जाऊ लागले होते. बोळ्याने भर पडली असेल, नाही असे मी म्हणणार नाही, पण ते पिल्लू बोळ्याशिवायही नुसत्या आचळावर वाचले नसते. सहावीतल्या मुलीला हे समजते. तिला टाळूचे चित्र काढून दाखवा, आणि पाचही पिल्लांची वजने भिंतीवर लिहिण्याचे काम तिच्याकडेच द्या.

ग्रहणाबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, पण हिशेब मांडून पाहा. कुत्रीचे गाभणपण सुमारे ६३ दिवसांचे असते. १२ ऑक्टोबरपासून मागे मोजले तर ७ सप्टेंबरच्या रात्री गर्भ चार आठवड्यांचे होते, आणि कुत्र्यांत टाळूचे दोन्ही पडदे जुळण्याचा काळही चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आसपासचाच आहे. हा योगायोग पाहून मलाही क्षणभर हसू आले, अशाच एखाद्या जुळणीने समजूत पक्की होत असणार. तरीही त्या रात्री अकरा ते साडेबारा या वेळात चंद्र साऱ्या देशावर झाकोळलेला होता, तुमच्या तालुक्यातली प्रत्येक गाभण म्हैस, शेळी आणि कुत्री त्याखालीच होती, आणि वाघीच्या एकाच पोटात शेजारी शेजारी असलेल्या सहांपैकी पाचांना काही झाले नाही.

मला गोळ्यांची शंका अधिक येते. तुम्ही पाठवलेल्या रिकाम्या पाकिटाच्या फोटोवर ग्रिसिओफुल्विन हे नाव आहे. नायट्यावरचे हे जुने औषध गाभण कुत्री-मांजरींना देऊ नये असे आमच्या शास्त्रात स्पष्ट सांगितलेले आहे, कारण त्यामुळे गर्भात व्यंगे येतात आणि दुभंगलेली टाळू त्यांपैकी एक आहे. पोळ्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे जवळपास तोच काळ. त्याच गोळ्यांनी झाले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण हे व्यंग आनुवंशिकही असते आणि जवळच्या नात्यातल्या संकरातून वाढते. खाजेसाठी सर्रास टोचली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शनेही गाभणपणात अशीच घातक ठरतात. तेव्हा पुढच्या वेळी माणसांची औषधे कुत्रीला देऊ नका आणि ती गाभण असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. पुढची पिल्ले अशीच होतील असे मानण्याचे कारण नाही, परंतु दुसऱ्या वेतातही टाळूचे व्यंग निघाले तर तिची नसबंदी करून घ्यावी. खरे तर जागलीसाठी एक वाघी पुरेशी असेल आणि दर वर्षी पाच-सहा पिल्लांची सोय लावणे जड जात असेल, तर ही पिल्ले सुटी झाल्यावरच नसबंदी करावी, असे माझे मत आहे. नसबंदीमुळे कुत्री राखण करायची सोडते हा समज खोटा आहे.

प्रश्न : आमच्या कुत्रीची चार पिल्ले १९ दिवसांची झाली आहेत. तिघे उभे राहून धडपडत चालतात. चौथे सर्वांत जाड आहे, पण त्याचे चारही पाय बाजूला पसरलेले असतात आणि ते बेडकासारखे पोटावर सरकते. छाती चपटी झाल्यासारखी दिसते. बाबा म्हणतात की याला कंबरच नाही, धान कापणीच्या गडबडीत हे सांभाळत बसण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी रस्त्यावर सोडून यावे, कोणीतरी नेईल. मला तसे करावेसे वाटत नाही, पण ते आयुष्यभर असेच राहणार असेल तर काय करावे?
(महाविद्यालयीन वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : सोडून येऊ नका. तुम्ही पाठवलेल्या चित्रफितीत दोन गोष्टी दिसतात. एक, पिल्लाचे दूध पिणे, श्वास घेणे आणि शौच व्यवस्थित आहे. दुसरी, ते गुळगुळीत फरशीवर ठेवलेले आहे.

हे उत्तर लिहिताना मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी वर्धा जिल्ह्यात होतो. एक म्हातारे आजोबा धोतराच्या सोग्यात असेच पिल्लू घेऊन दवाखान्यात आले. बाहेर गाईंची रांग होती. मी दोन मिनिटे पाहिले, कण्यात जन्मजात दोष आहे, हे कधी चालणार नाही, असे सांगितले आणि त्यांच्या संमतीने इंजेक्शन दिले. आजोबांनी वाद घातला नाही. सोगा झटकला आणि उठले. पुढे काही वर्षांनी एका प्रशिक्षणात 'पोहणारी पिल्ले' या विषयाची चित्रे दाखवली गेली, तेव्हा मला त्या टेबलावरचे पिल्लू आठवले. त्याचे पाय मी साधे चिमटूनही पाहिले नव्हते.

तेव्हा तुम्ही आधी तेच करा. मागच्या पायाचे बोट दोन बोटांत हलके चिमटा. पिल्लाने पाय ओढून घेतला आणि कुईं केले तर संवेदना शाबूत आहे. चारही पायांचे असे पाहा. पाय निर्जीव लोंबत असेल, शेपटीतही हालचाल नसेल किंवा लघवी सतत ठिबकत असेल, तर प्रकरण कण्याचे असू शकते आणि पिल्लू डॉक्टरांनाच दाखवले पाहिजे. पाय ओढत असेल तर हे बहुधा पोहणारे पिल्लू आहे. या दोषात पाय अंगाखाली घेणारे स्नायू वेळेवर बळकट होत नाहीत, आणि वजनदार, पोटभर पिणाऱ्या पिल्लांत तो अधिक दिसतो. घसरणारी फरशी हे दुखणे वाढवते, कारण पाय जितक्या वेळा बाहेर घसरतात तितकी ती सवय पक्की होते, आणि सतत पोटावर पडून राहिल्याने कोवळ्या बरगड्या चपट्या होतात.

उपचाराला पैसा लागत नाही, हात लागतात. त्याला आजच फरशीवरून उचलून बारदान्यावर किंवा काथ्याच्या पायपुसण्यावर हलवा, म्हणजे नखे रुततील. मागचे दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवून मऊ पट्टीने इंग्रजी आठच्या आकारात बांधतात, पुढच्यांनाही गरज पडल्यास तसेच. ही पट्टी पहिल्यांदा डॉक्टरांकडून बांधून घ्या, कारण घट्ट झाली तर पंजा सुजतो, आणि पिल्लू झपाट्याने वाढत असल्याने ती दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-पाच मिनिटे, पोटाखाली पंचा घालून त्याला उभे धरा, पंजे जमिनीला टेकू द्या, पाय हळूहळू आत-बाहेर करा. रुंद गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी घेऊन, डोके वर धरून पाय मारू दिले तरी चांगला व्यायाम होतो, मात्र नंतर लगेच कोरडे करा. झोपेत ते पालथे दिसले की कुशीवर वळवा. आचळावरचे त्याचे थोडे रेशन कमी झाले तरी चालेल, वजन आवरणे हाही उपचाराचाच भाग आहे.

तीन-चार आठवड्यांच्या आत सुरुवात केली तर बहुतेक पिल्ले एक-दोन आठवड्यांत उभी राहू लागतात. तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण तो कापणी संपेपर्यंतचा नाही. बाबांना एवढेच सांगा की कंबर आहे किंवा नाही ते महिन्याभराने पाहू. बाजारात सोडलेले पिल्लू कोणी नेईल ही आशा चालत्या-फिरत्या पिल्लाबाबतही क्वचितच खरी ठरते, हे तर सरपटणारे आहे.

प्रश्न : पाच आठवड्यांच्या पिल्लाच्या बेंबीला बोराएवढा फुगा आहे. दाबला की आत जातो, सोडला की परत येतो. गावात म्हणतात की असे पिल्लू मोठे झाल्यावर पोट फुटून मरते. एका शेतकऱ्याने ते राखणीसाठी मागितले आहे. द्यावे की नाही?
(वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : द्यावे, फुगा दाखवून द्यावे. हा बेंबीचा हर्निया आहे. पोटाच्या भिंतीतली नाळेची जागा पूर्ण बुजलेली नसते आणि तेथून थोडी चरबी बाहेर येते. बोराएवढा, मऊ आणि आत जाणारा फुगा पिल्लू पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत अनेकदा आपोआप बंद होतो. न झाल्यास नसबंदीच्या वेळीच एक-दोन टाके घालता येतात. फुग्यावर नाणे बांधण्याचा उपाय गावोगाव करतात, तो करू नये, खाली कातडी सडते. नव्या मालकाला मात्र एक गोष्ट नीट समजावून सांगा. फुगा एकाएकी मोठा, कडक किंवा जांभळा झाला, हात लावू देत नसेल, आणि पिल्लाला ओकाऱ्या होत असतील, तर आतडे अडकलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोहोचावे आणि वाटेत तो दाबून आत घालण्याचा प्रयत्न करू नये.